बोगद्यात बर्फ पडत नाही

टोर्सॉय, २ फेब्रुवारी १९९८

प्रिय गुनवोर,

कार्ड मिळालं. बाळ कुणासारखं दिसतं, असं विचारलंयस. फोटोसारखं दिसतं. मी फोटोच पाहिलाय.

नात तीन आठवड्यांची झाली. माझ्या दारापासून तिच्या पाळण्यापर्यंत गाडीने पंचवीस मिनिटं लागतात. त्यातली सहा मिनिटं समुद्राखालून जातात. त्या सहा मिनिटांपायी मी अडकून पडले आहे. हे एवढं लिहायला मला पंधरा महिने लागले, तेव्हा हसू नकोस.

बोगदा उघडला त्या दिवशी बँड होता, मंत्री होता, फीत होती. बेटावरच्या सगळ्यांना बसमधून पलीकडे नेलं. सगळ्यात खोल जागी बस दोन मिनिटं उभी केली आणि माइकवर कुणीतरी म्हणालं, आत्ता आपल्या डोक्यावर एकशे ऐंशी मीटर खडक आणि पाणी आहे, टाळ्या वाजवा! सगळ्यांनी वाजवल्या. माझे हात बधिर झाले होते. छातीत घण पडत होते, घशाला कोरड, आणि मी इथेच, शेजारच्या मासळीवाल्याच्या मांडीवर मरणार याची पक्की खात्री. मेले नाही. पलीकडे उतरून केक खाल्ला आणि परतताना बस सोडून शेवटची फेरीबोट धरली. तीच बोट, जिच्या कँटीनमध्ये मी एकोणीस वर्षं जाड गोड धिरडी भाजून विकली. लोकांना वाटलं, बाई भावुक झाली, निरोप घेतेय. दुसऱ्या दिवसापासून बोट बंद. तेव्हापासून मी बेटावरून हललेली नाही.

आर्नस्टाइन रोज त्याच बोगद्यातून कामाला जातो. नवरा म्हणून तो उत्तम आहे, म्हणजे काही विचारत नाही. बाळाला भेटून आला, मी विणलेली टोपी देऊन आला आणि ‘आईला सर्दी आहे’ असं सांगून आला. मला गेल्या वर्षभरात इतक्या सर्द्या झाल्यात की माझ्यावर प्रबंध लिहिता येईल.

सिन्नोवला सर्दी पटत नाही. तिला वाटतं, मी रागावले आहे. तिचा आयविन हा त्याच बोगद्याचा इंजिनियर. त्यांनी लग्न न करता घर मांडलं तेव्हा मी जेवणाच्या टेबलावर म्हटलं होतं, “तुझ्या माणसाने माझी नोकरी समुद्राखाली पुरली.” गमतीत म्हटलं होतं. अर्धं गमतीत. ती ते धरून बसली आहे, आणि खरं सांगू? ते मला सोयीचं पडतं. खवचट आई सगळ्यांना कळते. घाबरट आई समजावून सांगावी लागते.

तू नर्स आहेस. याच्यावर गोळी असते का? पत्रानेच कळव. फोनवर मी खोटं बोलते.

तुझी मावसबहीण,
सोलफ्रिड


बर्गन, ९ फेब्रुवारी

प्रिय सोलफ्रिड,

हसले नाही. एकदाच हसले, मासळीवाल्याच्या मांडीपाशी.

गोळ्या आहेत, पण ते तुझ्या डॉक्टरला विचार. त्याआधी माझं ऐक, कारण तू योग्य दारात आलीस. मंगळवारी संध्याकाळी इथल्या आरोग्यकेंद्रात मी बायकांचा वर्ग घेते, असल्याच दुखण्याचा. आठ बायका, गोल मांडलेल्या खुर्च्या, मधोमध मेणबत्ती आणि थर्मासमधली अशी कॉफी की तिनेच छातीत धडधडावं. एक मुख्याध्यापिका आहे, पाचशे पोरांना गप्प करते आणि वाजणारा फोन उचलू शकत नाही. एक पाद्रीबाई आहे, दर रविवारी प्रवचनाआधी ओकते आणि मग लोकांना सांगते, भिऊ नका.

तू मरत नव्हतीस. तुझं शरीर पळायच्या तयारीत होतं. हृदय जोरात, श्वास वर वर, रक्त पायांकडे, म्हणून हात बधिर. फक्त बसमध्ये पळायला जागा नव्हती. आता नीट वाच. आमच्या खालच्या मजल्यावरचा कुत्रा रोज पोस्टमनवर भुंकतो. पोस्टमन पत्रं टाकतो आणि निघून जातो, तो जाणारच असतो. कुत्र्याला वाटतं, आपण भुंकलो म्हणून गेला. दुसऱ्या दिवशी तो दुप्पट भुंकतो. तुझ्या प्रत्येक सर्दीने तू त्या कुत्र्याला बिस्किट घातलंस. बोगद्यात गेली नाहीस, मेली नाहीस, तेव्हा न गेल्यामुळेच वाचले असा हिशेब तुझ्या डोक्याने मांडला. भीती अशी पोसली जाते.

घरचा अभ्यास: या पंधरा महिन्यांत बोगद्यापायी काय काय टाळलंस ते लिहून काढ. खरं खरं. आणि घाबरं झालं की श्वास घेण्याच्या मागे लागू नकोस, सोडण्याच्या लाग. हळूहळू, गरम सूप फुंकतो तसा.

गुनवोर


टोर्सॉय, २३ फेब्रुवारी

प्रिय गुनवोर,

तुझ्या अभ्यासाने माझा आठवडा नासला.

मला वाटलं होतं दोन ओळी होतील. वहीची तीन पानं भरली. डावीकडची दाढ अर्धी तुटली आहे, दाताचा डॉक्टर पलीकडे. उजवीकडून चावते. हिवाळ्याचा कोट घ्यायचा होता, आर्नस्टाइनने घेऊन दिला, त्यात त्याच्यासारखे दोघे मावतील. आत्या बेर्गयोतच्या अंत्यविधीला गेले नाही, फुलं पाठवली, आणि फुलांवरच्या पट्टीवर ‘कायम आठवणीत’ छापून आलं तेव्हा मला माझीच लाज वाटली. शाळेच्या स्वयंपाकघरात जागा निघाली होती, पलीकडे. मी म्हटलं, मला आता आरामच बरा. एकोणीस वर्षं उभ्याने धिरडी उलटणाऱ्या बाईला आराम! सगळं लिहून झाल्यावर मी दमले. इतकी दमले की दुपारी दोनला चादर ओढून झोपले. काहीही न करण्याने माणूस एवढा थकतो, हे तुमच्या वर्गात सांगतात का?

सिन्नोवचा फोन आला होता. कधी येतेस, म्हणाली. मी म्हटलं, “रस्ते फार घसरडे आहेत गं.”

ती म्हणाली, “आई, बोगद्यात बर्फ पडत नाही.”

बाप्तिस्मा २४ मेला आहे, पलीकडे, सुंडवोगच्या चर्चमध्ये. शेवटी ती म्हणाली, “तू आली नाहीस तर काय समजायचं ते मी समजेन. आणि मग पुन्हा विचारणार नाही.” ती माझी मुलगी आहे. नाही म्हणजे नाही, हे ती माझ्याकडूनच शिकली.

म्हणजे माझ्याकडे तीन महिने आहेत. पुढे काय करू ते सांग.

सोलफ्रिड


बर्गन, ३ मार्च

प्रिय सोलफ्रिड,

आयविनसारख्या लोकांनी एक गोष्ट चांगली केली आहे. अशा बोगद्यात ठरावीक अंतरावर भिंतीत खोबण्या ठेवलेल्या असतात, मोठ्या गाड्यांना वळायला. तुझ्या बोगद्यात किती आहेत ते बघून घे. त्या तुझ्या पायऱ्या.

आधी नुसती बोगद्याच्या तोंडाशी गाडी लाव आणि बस. भीतीला शून्य ते दहा असा आकडा दे. नऊ असेल तर असू दे. आकडा चढतो, वर जाऊन रेंगाळतो आणि मग उतरतो. उतरतोच. शरीराला तासभर बोंबलत राहणं परवडत नाही. पण तू नऊवर असताना पळालीस तर उतार कधीच दिसत नाही. चारवर आला की घरी जा. दुसऱ्या आठवड्यात पहिली खोबण. तिथेही तसंच. मग दुसरी. भीती गेल्यावर जाईन असं म्हणू नकोस. ती बरोबर येणार, तिला मागच्या सीटवर बसव.

कुबड्या नकोत. म्हणजे शेजारी आर्नस्टाइन नको, विणकाम नको, मोठ्याने रेडिओ नको. आमच्यात एक बाई आहे, घरातून निघाली की स्टोव्ह बंद आहे का ते बघायला परत जाते. चार वेळा. मग शेजारणीला सांगते, तू बघ. शेजारीण बघते, त्या दिवसापुरतं भागतं, आणि दुसऱ्या दिवशी पाच वेळा जाते. शेजारीण ही तिची कुबडी. बाई हुशार आहे, शिकलेली आहे, सगळं कळतं तिला. कळण्याने स्टोव्ह बंद होत नाही.

आणि आणखी एक. रोज संध्याकाळी पाच ते साडेपाच ही काळजीची वेळ ठरव. दिवसभरात ‘असं झालं तर?’ आलं की त्याला सांग, पाचला ये.

गुनवोर


टोर्सॉय, ६ एप्रिल

प्रिय गुनवोर,

महिनाभर लिहिलं नाही, कारण मी कामावर होते. मंगळवारी आणि शुक्रवारी अकरा वाजता मी घाबरायला जाते.

तोंडाशी बसणं चार वेळा केलं. नऊ, नऊ, सात, पाच. पहिली खोबण: दहा. दहाच्या वर आकडा नाही म्हणून दहा. स्टिअरिंगला धरून सूप फुंकत बसले. सात मिनिटांनी नऊ झाला, आणि अकराव्या मिनिटाला एकदम चार. कुणी कानातून बूच काढावं तसं. तुझा उतार मला दिसला, गुनवोर. मी तिथे, समुद्राखाली, मूर्खासारखी रडले. काळजीच्या वेळेचं मात्र जमत नाही. पाच वाजले की मला काळजी आठवत नाही, साडेपाचला आठवते.

आता अडचण सांगते. बोगद्याच्या बेटाकडच्या तोंडाशी पथकराची चौकी आहे आणि काचेमागे हॉलवर्ड बसतो. आठवतो ना? बोटीवर दोर बांधायचा, माझ्याकडची कडेला जळालेली धिरडी मागून खायचा. आत जायचं तर त्याच्यासमोरून, बाहेर यायचं तर त्याच्यासमोरून. पहिल्यांदा परत आले तेव्हा म्हटलं, पर्स विसरले. दुसऱ्यांदा म्हटलं, चष्मा. मग ओव्हनमध्ये पाव राहिला. मग किराण्याची यादी. पाचव्या खेपेला त्याने खिडकी सरकवली आणि विचारलं, “आज काय विसरलीस?”

मग दांडा वर करत म्हणाला, “तुझी गाडी मला कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसते. अकरा मिनिटं थांबतेस. परवा नऊच थांबलीस. बरं चाललंय तुझं.”

“तुला ठाऊक आहे?” मी विचारलं.

“सगळ्यांनाच ठाऊक आहे.”

सगळ्यांना, गुनवोर! दुकानदारीण माझी लोकर न मागता पलीकडून आणते, ती सहज नव्हे. मासळीवाला ‘मी जातोच आहे’ म्हणून माझी पार्सलं आणतो, तो जातच नसतो, मुद्दाम जातो. गुरुवारी बेटावर येणारा डॉक्टर रक्ततपासणी इथेच करतो, ती फक्त माझी. सतरा महिने मी जे झाकून ठेवलं ते मी सोडून कुणापासूनच झाकलेलं नव्हतं. आणि एकाने, एकानेही तोंड उघडलं नाही. का, तर उगाच नाक कशाला खुपसा. माझा नवराही त्यातच. जेवताना मी विचारलं, “तुला माहीत होतं?” तो म्हणाला, “बटाटे छान शिजलेत.”

मला दुकानात जायची लाज वाटते. म्हणजे आता यादीत दुकानही आलं.

सोलफ्रिड


बर्गन, १४ एप्रिल

प्रिय सोलफ्रिड,

दुकानात जा. आजच. लोकर स्वतः माग.

तुझ्या बेटाने तुला प्रेमाने आजारी ठेवलंय. आपल्या लोकांची ही रीतच आहे: शेजाऱ्याचं घर जळत असेल तर आपण गुपचूप बादल्या नेऊन ठेवू, पण ‘अगं, घर जळतंय’ असं म्हणणार नाही, तिला वाईट वाटेल. मी त्यांना दोष देत नाही. मी वॉर्डात बावीस वर्षं हेच केलं.

हॉलवर्डचं मात्र मला आवडलं. त्याने लोकर आणून दिली नाही, मिनिटं मोजली.

आता सिन्नोवला सांग. बोगदा पार झाल्यावर नाही, आधी. ती रागाशी भांडतेय, आणि तुझ्याकडे राग नाहीच. तीन वाक्यं पुरतात. मला भीती वाटते. सतरा महिन्यांपासून. तुझ्यावर राग नाही. बस.

गुनवोर


टोर्सॉय, २७ एप्रिल

प्रिय गुनवोर,

सगळं नासलं, आणि ते मीच नासवलं.

तिसऱ्या खोबणीपर्यंत पोचले होते. तिथून सगळ्यात खोल जागा दिसते, रस्ता खाली जाऊन पुन्हा वर चढताना. परवा तिथे थांबता आलं नाही. आकडाबिकडा काही नाही, गाडी वळवली आणि पळाले. वाटेत दुधाचा टँकर जोरात भोंगा देत गेला. घरी येते तो फोन वाजत होता.

सिन्नोव. बोगद्याच्या देखभालीची नोंद दर महिन्याला आयविनच्या टेबलावर येते. लाल टोयोटा, आठवड्यातून दोनदा, खोबणीत उभी, कारण अज्ञात. गाडीचा नंबर त्याने ओळखला.

“आई,” ती म्हणाली, “तू बोगद्यात निषेध करतेस का?”

तुझी तीन वाक्यं माझ्या तोंडात होती. शपथेवर सांगते, पाठ केली होती, सिंकपाशी उभी राहून. पण ती पुढे म्हणाली, “ऑफिसात सगळे हसतात आयविनला. सासू धरणं धरून बसलीये म्हणतात. खरं आहे का ते?”

आणि मी म्हटलं, “हो.”

का म्हटलं? त्या क्षणी धरणं धरणारी बाई मला बरी वाटली. तिच्या हातात निदान काहीतरी कारण होतं.

“मग बाप्तिस्म्याला येऊ नकोस,” ती म्हणाली आणि फोन ठेवला. तिच्या मागे बाळ रडत होतं. तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

गुनवोर, तू ये. मी कधी काही मागितलं नाही. तू आठ बायकांना ताळ्यावर आणतेस, तिला चार शब्द सांग. माझ्या शेजारी गाडीत बस, कुबडी तर कुबडी. आर्नस्टाइन बसस्टँडवर घ्यायला येईल. मी फार थकले आहे.

सोलफ्रिड


बर्गन, २ मे

प्रिय सोलफ्रिड,

मी येऊ शकत नाही. रजा नाही म्हणून नव्हे. रजाच रजा आहे.

वर्ग मी घेत नाही. वर्ग घेते ती एकोणतीस वर्षांची पोर आहे, लोकरीचे मोजे घालून बसते आणि फार शहाणी आहे. मी खिडकीजवळच्या खुर्चीत असते. आठ बायकांमधली आठवी. स्टोव्हवाली.

ऑक्टोबरात वॉर्डात माझ्या हातून चुकीच्या माणसाला चुकीचं औषध जाणार होतं. गेलं नाही. शेजारच्या पोरीने हात धरला. कुणाला काही झालं नाही, कुणी ओरडलंही नाही, उलट कॉफी दिली. त्यानंतर मी प्रत्येक गोळी तीनदा तपासायला लागले, मग पाचदा, मग पेशंट वाट बघत बसायचे. मग घरचे दिवे, दाराची कडी, स्टोव्ह. नोव्हेंबरपासून घरी आहे. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा वर्गाचे दोन मंगळवार झाले होते. तू लिहिलंस ‘तू नर्स आहेस’, आणि मला इतकं बरं वाटलं की मी पुन्हा नर्स झाले.

तुला सांगितलेला प्रत्येक उपाय मला मंगळवारी सांगितला जायचा, आणि बुधवारी मी तो करायची नाही. तुला पाठवायची. तुझं उत्तर वाचून मग थोडा थोडा करून बघायची. तो उतार, तो खराच असतो हे मला तुझ्या पहिल्या खोबणीवरून कळलं. मी अजून घरापासून दोन स्टॉपच्या पुढे जाऊ शकत नाही. बर्गन ते टोर्सॉय पाच तास. पाच तास स्टोव्ह.

हे पत्र चार वेळा फाडलं. सिन्नोवला तू का सांगू शकली नाहीस ते मला आता नीट कळतं. सल्ला देत नाही. तो हक्क राहिला नाही.

गुनवोर


टोर्सॉय, ८ मे

गुनवोर,

तीन महिने मी दुसऱ्या रोग्याकडून इलाज करून घेतला. दोन दिवस तुझा इतका राग आला की मी तीन खोल्या पुसून काढल्या, छतासकट. त्यात एक खोली पाहुण्यांची आहे. ती वर्षभर कुणी वापरलेली नाही.

तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की मी दोन दिवस भ्यायला विसरले.

मग सिन्नोवला लिहिलं. फोन केला नाही. तुझी तीन वाक्यं नाही वापरली, ती त्या मोजेवाल्या पोरीची असणार. जे लिहिलं ते खाली उतरवते आहे, म्हणजे मला ते नाकारता येणार नाही:

‘सिन्नोव, मी निषेध करत नव्हते. मी सराव करत होते. बोगद्यात माझा जीव जातो असं मला वाटतं आणि मी ते आजवर सर्दी, रस्ते आणि आयविनच्या नावावर खपवलं. तुला वाटलं, मला तू नको आहेस. ते मी वाटू दिलं, कारण माझी त्यातून सुटका होत होती. हे सगळ्यात वाईट आहे, आणि ते मला ठाऊक होतं. आई.’

पोस्टात टाकताना हात बधिर झाले होते. आकडा आठ.

तू औषध दिलं नाहीस. हात धरला गेला. बस झालं की. आता स्टोव्हचा दिवसाला किती वेळा फेरा होतो ते कळव. मी मोजते.

सोलफ्रिड


सुंडवोग, १२ मे

आई,

तुझं पत्र तीनदा वाचलं. आधी रडले, मग इतकी चिडले की आयविनने बाळाला घेऊन बाहेर चक्कर मारली. चार महिने! तिला हसता येतं आता, आणि तू तिला फोटोत बघतेस, कारण तुला खरं बोलायला जड जातं. बाबांनाही मी सोडणार नाही. सर्दी म्हणे.

आता चिडणं संपलं. बाबांनी फोनवर सांगितलं, तिसऱ्या खोबणीपर्यंत जातेस म्हणून. ते सलग अकरा वाक्यं बोलले, मला वाटलं कुणी वारलं.

मी पाद्रींशी बोलले आहे. बाप्तिस्मा आपल्या टोर्सॉयच्या चर्चमध्ये करता येईल, त्याच दिवशी. आयविनची माणसंही तिकडे येतील, त्यांना बोगद्याची सवय आहे. तू फक्त टेकडी उतरून ये. नाव इंगेबोर ठेवतोय.

सिन्नोव


टोर्सॉय, १५ मे

सिन्नोव, माझ्या बाळा,

तुझं पत्र घेऊन मी चर्चपर्यंत चालत गेले आणि परत आले. आठ मिनिटं लागली. कोणता झगा घालायचा तेही ठरवून टाकलं.

आणि आता नाही म्हणते आहे. ऐकून घे, चिडू नकोस, म्हणजे चीड, पण ऐक. इथे सगळे माझ्यासाठी सगळं आणून देतात. लोकर, पार्सलं, डॉक्टर. तू मला चर्च आणून दिलंस तर मी आनंदाने घेईन, आणि मग तिचा पहिला वाढदिवस, शाळेचा पहिला दिवस, सगळं तुम्हाला टेकडीखाली आणून द्यावं लागेल. मला ते इतकं हवं आहे की म्हणूनच नको.

सुंडवोगलाच करा. मी येण्याचा प्रयत्न करेन. येईनच असं लिहीत नाही, कारण खोटं बोलून मी कंटाळले आहे. प्रार्थना सुरू होईपर्यंत आले नाही तर थांबू नका, आणि त्याचा अर्थ एवढाच समज की मी तिसऱ्या खोबणीत आहे.

आई


सुंडवोग, २८ मे

प्रिय गुनवोर,

हो, पत्त्याकडे बघ.

रविवारी आर्नस्टाइनला पुढच्या गाडीत धाडलं आणि मी मागून एकटी निघाले. हॉलवर्डने दांडा वर केला. तो खाली करायला विसरला, हे मी आरशात पाहिलं. तिसऱ्या खोबणीत थांबले. दहा. चर्च दहा वाजून पन्नास मिनिटांनी भरणार होतं. मला वाटलं होतं, धीर येईल. तो आला नाही. आकडा सातवर येऊन तिथेच बसला. पुढे उतरेना. मग सातवर निघाले. सगळ्यात खोल जागी मी मोठमोठ्याने धिरड्यांची कृती म्हणत होते: ताक, अंडी, साखर, पीठ, सोडा. ती कुबडी आहे हे मला ठाऊक आहे, मोजेवालीला सांगू नकोस.

पोचले तेव्हा गाणं चालू होतं. पाठ घामाने भिजलेली, केस कपाळाला चिकटलेले, झग्याचा बंद मागे लोंबतोय. सगळ्यांनी वळून पाहिलं आणि लगेच पुस्तकात माना घातल्या. फक्त सिन्नोव बघत राहिली. मग बाळाच्या डोक्यावर पाणी पडलं आणि ते असं किंचाळलं की खिडक्या हलल्या. कुणाची लाज नाही, काही नाही. बराच वेळ ओरडली, आणि मग दमून आपोआप थांबली.

ती आर्नस्टाइनसारखी दिसते. बिचारी.

आता तुला तो भाग सांगते जो तुमच्या वर्गात कुणी सांगितला नसणार. परतही यायचं असतं. गेलं दीड वर्ष मी पलीकडे कसं पोचायचं याचाच विचार केला. दुपारी केक खाऊन झाला, आर्नस्टाइन गाडीशी उभा राहिला आणि मी म्हटलं, “मी राहते दोन दिवस.” सिन्नोवला इतका आनंद झाला! पाहुण्यांची गादी काढली, नवी उशी काढली. सोमवारी म्हणाली, “आई, तू राहिलीस ते किती बरं वाटतंय.” मंगळवारी शेजारणीला सांगितलं, “आई माझ्यासाठी राहिलीये.” मी नातीला घेऊन खिडकीत बसून ते ऐकत होते. पुन्हा एक सोयीचा गैरसमज, आयता, गरम गरम. दाढेचीही वेळ घेऊन टाकली मी, म्हणजे आणखी काही दिवस निघाले असते.

काल भांडी पुसताना सांगितलं. “मी प्रेमापोटी राहिले नाहीये. म्हणजे आहे, पण मुख्य म्हणजे परत जायला घाबरते.”

ती ताट धरून उभी राहिली. मला वाटलं, आता फुटणार ताट. ती हसायला लागली. एवढी हसली की तिला खुर्चीवर बसावं लागलं, आणि मग मीही. किती तरी वर्षांनी आम्ही दोघी एकाच गोष्टीला हसलो.

दात उद्या सकाळी नऊला. मग अकरा वाजता आम्ही निघतो. गाडी मी चालवणार, सिन्नोव मागे बाळापाशी. वाटेत मला समजवायचं नाही आणि कौतुक करायचं नाही, असं ठरलंय. बरी झाले असं मी म्हणत नाही, तूही कुणाला सांगू नकोस. थकवा तेवढाच आहे, आज सकाळपासून हात गार आहेत. पण गाडीतल्या तिघींनाही ते ठाऊक असेल. तिसरीला अजून दात नाहीत, ती लपवाछपवी शिकेपर्यंत थोडा वेळ आहे.

सोलफ्रिड